एच-४ वर आलेली 'ती': नोकरी, पगार आणि स्वतःच्या नावावरचे कागद



आपल्या गणपतीच्या कार्यक्रमात नव्या कुटुंबांची ओळख करून देण्याची पद्धत आहे. नवरा आपले नाव, गाव, कंपनी सांगतो. मग माईक तिच्याकडे जातो आणि ती म्हणते, "मी सध्या घरीच असते." आमच्यापैकी एकीचे हे 'सध्या' सहा वर्षे चालले. बी.ई. कॉम्प्युटर, पुण्यात चार वर्षांची नोकरी, आणि इथे क्रेडिट कार्डाचा साधा अर्जसुद्धा नामंजूर! कारण या देशात तिच्या नावावर काहीच नव्हते. घरभाड्याचा करार, वीजबिल, गाडी, सगळे नवऱ्याच्या नावावर.

आम्ही मंडळातले काही जण, सगळे तिशीतले, इंजिनियरिंग करून आयटीत काम करणारे. आमच्या घरांत हे प्रश्न येऊन गेले, काही अजून चालू आहेत. दर वर्षी नवीन येणाऱ्या वहिनी तेच प्रश्न विचारतात, म्हणून ही माहिती एकत्र केली आहे. एच-४ वर येणारे नवरेही आता दिसतात. त्यांनाही यातले बरेचसे लागू पडेल.

आमचे सांगणे थोडक्यात असे: काम करण्याची परवानगी सरकारच्या हातात आहे, पण स्वतःच्या नावावर कागद तयार करणे बरेचसे आपल्या हातात आहे. त्यासाठी परवानगीची वाट पाहत बसू नये.

१. कामाची परवानगी कोणाला मिळते?

एच-४ वर आपोआप काम करता येत नाही. २६ मे २०१५ पासून लागू झालेल्या नियमानुसार एच-१बी वरच्या जोडीदाराचा आय-१४० अर्ज मंजूर झाला असेल, किंवा ग्रीनकार्डाची प्रक्रिया चालू असल्यामुळे त्याला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळाली असेल, तर एच-४ वरच्या पती-पत्नीला ईएडी म्हणजे कामाचे परवानापत्र मागता येते. त्यासाठी आय-७६५ हा फॉर्म भरायचा. या नियमाला २०१५ सालीच कोर्टात आव्हान दिले गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नियम वैध ठरवला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

नूतनीकरणाबाबत मात्र सावध राहा. पूर्वी वेळेत अर्ज केला की जुन्या ईएडीची मुदत काही काळ आपोआप वाढत असे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ही सवलत नाही. कार्ड संपले आणि नवीन आले नाही, तर काम थांबवावे लागते. मुदत संपण्याआधी १८० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, तेव्हा ती तारीख आजच कालनिर्णयवर लिहून ठेवा.

नवरा एल-१ वर असेल तर गोष्ट सोपी आहे. नोव्हेंबर २०२१ पासून एल-२ वरच्या पती-पत्नीला वेगळे ईएडी लागत नाही. आय-९४ वर 'एल-२एस' असे लिहिलेले असले की तोच पुरावा.

स्वतःचा एच-१बी हा दुसरा मार्ग. एच-४ वर काढलेला काळ एच-१बीच्या सहा वर्षांत धरत नाहीत. नेहमीच्या कंपन्यांसाठी लॉटरी असते, पण विद्यापीठे, त्यांच्याशी संलग्न रुग्णालये आणि ना-नफा संशोधन संस्था लॉटरीतून मुक्त आहेत आणि वर्षात कधीही अर्ज करू शकतात. आयटीवाल्यांचे इकडे लक्षच जात नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला. तो कोणाला लागू होतो हे व्यक्ती अमेरिकेत आहे की बाहेर, यावरही अवलंबून असते. म्हणून देशात चक्कर मारण्याआधी वकिलाला जरूर विचारावे.

२. परवानगी येईपर्यंत काय चालते, काय चालत नाही?

शिक्षण चालते. एच-४ वर पूर्ण वेळ पदवीसुद्धा घेता येते. शिक्षणानंतर काम हवे असेल तर एफ-१ वर जाण्याचा विचार करावा, कारण ओपीटीचे १२ महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी २४ महिने एफ-१ वरच मिळतात. बदल्यात फी जास्त पडू शकते, म्हणून आपल्या राज्यात एच-४ ला स्थानिक फी लागू आहे का ते आधी पाहा.

स्वयंसेवा चालते, पण खरीखुरी. वाचनालय, शाळा, मंदिर, धर्मादाय संस्था येथे जे काम सगळेच विनामोबदला करतात ते करता येते. जिथे इतरांना पगार मिळतो तिथे "फुकट काम करते" म्हणणे चालत नाही.

घरून डबे देणे, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी, पैसे घेऊन पेटीचा किंवा नाचाचा क्लास, मुले सांभाळणे हे परवानगीशिवाय चालत नाही. "रोखीतच तर घेतो" हा बचाव पुढे ग्रीनकार्डाच्या वेळी महागात पडू शकतो. देशातल्या कंपनीचे काम इथून ऑनलाइन करणेही धोक्याचे आहे. बँकेचे व्याज, शेअरचा लाभांश किंवा देशातल्या फ्लॅटचे भाडे ही गुंतवणुकीची मिळकत असते. ती चालते, मात्र करविवरणात दाखवावी लागते.

३. नावाचा घोळ

हा खास आपला मराठी प्रश्न आहे. लग्नानंतर आडनाव बदलते, मधले वडिलांचे नाव जाऊन नवऱ्याचे येते, आणि काही घरांत तांदळात नवे नाव लिहून पहिले नावही बदलतात. मग दहावीचे प्रमाणपत्र एका नावाचे, पदवी त्याच नावाची, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा आणि जुन्या कंपनीचे अनुभवपत्र तिसऱ्याच. इथल्या संगणकाच्या दृष्टीने या तीन वेगळ्या बायका आहेत!

आमचा सल्ला असा:

- नाव बदलायचे की नाही हे पासपोर्टच्या अर्जाआधी ठरवा. बदलणे कायद्याने बंधनकारक नाही.
- बदलले असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदलाचे राजपत्र यांच्या प्रती जवळ ठेवा.
- इथे आल्यावर बँक, लायसन्स, आयकर, सगळीकडे पासपोर्टवर आहे तेच स्पेलिंग वापरा.

पदवीचे मूल्यांकन लवकर करून घ्या. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस किंवा नेसेस या संघटनेच्या सदस्य संस्था ते करतात. त्यासाठी बहुधा विद्यापीठाकडून थेट आलेली किंवा सीलबंद गुणपत्रके लागतात. देशात असतानाच सीलबंद पाकिटे काढून आणली तर उत्तम, नाहीतर भावाला किंवा सासऱ्यांना विद्यापीठाच्या खिडकीवर हेलपाटे घालावे लागतात. डॉक्टर, डेंटिस्ट, फार्मासिस्ट, नर्स, फिजिओथेरपिस्ट आणि शिक्षिका यांना याशिवाय परवाना लागतो, आणि त्यातले बरेचसे नियम राज्यागणिक बदलतात. परवान्याच्या काही परीक्षा कामाची परवानगी नसतानाही देता येतात. वाट पाहण्याचा काळ तिथे सत्कारणी लागतो.

४. बँक आणि क्रेडिट

कामाची परवानगी नसलेल्या एच-४ ला साधारणपणे सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. पण एकत्र करविवरण भरताना डब्ल्यू-७ फॉर्म जोडून तिचा आयटीआयएन काढता येतो. लागोपाठ तीन वर्षे करविवरणात वापरला नाही तर तो रद्द होतो. पुढे सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला की आयआरएसला पत्र लिहून दोन्ही नोंदी एकत्र करून घ्या.

आता क्रेडिट. संयुक्त बचत खात्याने क्रेडिटचा इतिहास तयार होत नाही. आमच्या मैत्रिणीची फसगत इथेच झाली. सहा वर्षे संयुक्त खाते होते, म्हणून आपली काहीतरी पत आहे असे तिला वाटत होते. पायऱ्या अशा:

- नवऱ्याच्या कार्डावर अधिकृत वापरकर्ती म्हणून नाव घाला. ही सुरुवात आहे, शेवट नव्हे.
- काही बँका आयटीआयएनवर कार्ड देतात. नाहीतर ठेव ठेवून मिळणारे सिक्युअर्ड कार्ड घ्या. एखादे छोटे बिल त्यावर लावा आणि दरमहा पूर्ण भरा.
- इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही कंपन्यांचा अहवाल मोफत पाहता येतो. आपले नाव तिन्हीकडे एकसारखे आहे ना, ते तपासा.

दोन कायदे माहीत असू द्या. १९७४ च्या समान पतसंधी कायद्याने बाई आहे किंवा लग्न झालेले आहे म्हणून कर्ज नाकारता येत नाही. त्याआधी इथल्या अमेरिकन बायकांकडूनही बँका नवऱ्याची सही मागत असत! दुसरे म्हणजे २०१३ पासून, २१ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला कार्डाच्या अर्जात घरातले असे उत्पन्न दाखवता येते, जे खर्चासाठी तिला रास्तपणे उपलब्ध आहे. म्हणजे गृहिणीने उत्पन्नाच्या रकान्यात शून्यच लिहावे असे नाही.

५. पुन्हा नोकरीत

ईएडी हातात आले की पहिला प्रश्न येतो, "मधली पाच वर्षे काय केले म्हणून सांगू?" जे केले ते सांगा. घेतलेले कोर्स, शाळेच्या पालक संघाचा सांभाळलेला हिशेब, मंडळाची बनवलेली वेबसाइट, सगळे तारखांसहित लिहा. मुले वाढवली हे लपवण्याची गरज नाही. एका ओळीत लिहून पुढे जावे.

काही कंपन्या करिअरमध्ये खंड पडलेल्यांसाठी काही महिन्यांचे सशुल्क, म्हणजे पगारी, 'रिटर्नशिप' कार्यक्रम चालवतात. गोल्डमन सॅक्सने असा कार्यक्रम २००८ साली सुरू केला. पाथ फॉरवर्ड ही ना-नफा संस्था २०१६ पासून अशा कंपन्यांशी गाठ घालून देते.

पगार ठरवताना आपल्या बायका, आणि खरे तर आपण सगळेच, भिडेखातर कमी मागतो. "देतील ते घ्यावे, आधीच गॅप आहे." पण पुढची प्रत्येक वाढ या पहिल्या आकड्यावर टक्क्यांनी मिळते. कॅलिफोर्नियात २०१८ पासून जुना पगार विचारायला कंपन्यांना मनाई आहे, आणि इतर काही राज्यांतही असे कायदे आहेत. कोलोरॅडोत २०२१ पासून, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यात २०२३ पासून, न्यूयॉर्क राज्यात सप्टेंबर २०२३ पासून आणि न्यू जर्सीत जून २०२५ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना जाहिरातीत पगाराची श्रेणी द्यावी लागते. ती वाचून जा. पुण्यातला शेवटचा पगार डॉलरमध्ये रूपांतर करून सांगू नका. त्याचा इथल्या कामाशी संबंध नाही.

बाळंतपणाच्या रजेचेही आधी पाहा. १९९३ च्या एफएमएलए कायद्याने १२ आठवडे रजा मिळते, पण ती बिनपगारी, आणि त्याच मालकाकडे १२ महिने व १,२५० तास काम झालेले असेल तरच. शिवाय आपल्या कार्यालयाच्या ७५ मैलांच्या परिघात कंपनीचे किमान ५० लोक असावे लागतात. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क अशा काही राज्यांत पगारी रजेची वेगळी योजना आहे.

६. पाळणाघराचे गणित

हे गणित आमच्या बहुतेक घरांत झाले आहे, तेही पाकिटाच्या पाठीवर. उदाहरण म्हणून आकडे धरू. तिला ७५,००० डॉलरची नोकरी मिळते आहे. तिचा पगार नवऱ्याच्या पगारावर चढतो, म्हणून केंद्राचा कर २२ टक्के, राज्याचा समजा ५ टक्के, सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर ७.६५ टक्के, मिळून सुमारे २६,००० गेले. उरले ४९,०००. पाळणाघर २४,०००, दुसरी गाडी आणि येणेजाणे ६,०००. हातात १९,०००. मग घरात कोणीतरी म्हणते, "एवढ्यासाठी कशाला ओढाताण?"

या गणितात आम्हाला तीन चुका दिसल्या.

पहिली चूक म्हणजे पाळणाघर फक्त तिच्या पगारातून वजा होते. मूल दोघांचे, तर खर्चही दोन्ही पगारांतून वजा व्हायला हवा.

दुसरी चूक म्हणजे काही जमा धरलेलीच नाही. कंपनीने ४०१-के मध्ये ४ टक्के घातले तर वर्षाला ३,००० डॉलर झाले. कंपनीकडे डिपेंडंट केअर एफएसए असेल तर २०२६ पासून ७,५०० डॉलरपर्यंत पाळणाघराचा खर्च करमुक्त पैशातून करता येतो. वरच्या दरांनी त्यात अडीच हजारांच्या आसपास वाचतात. शिवाय सोशल सिक्युरिटीची वर्षाला चार क्रेडिट जमा होतात.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. हा हिशेब एकाच वर्षाचा आहे. मूल पाच वर्षांचे झाले की शाळेत जाते आणि पाळणाघराचा मोठा खर्च संपतो, पण पाच वर्षांचा खंड मात्र पुढच्या पंचवीस वर्षांच्या पगारात दिसत राहतो. आमच्यापैकी एका घरात हे गणित पाच वर्षांचे करून पाहिले आणि निर्णय बदलला. दुसऱ्या एका घरात मूल आजारी असायचे, म्हणून तिने घरी राहायचे ठरवले. तोही निर्णय बरोबरच होता. फक्त तो दोघांनी पूर्ण आकडे समोर ठेवून घेतलेला असावा, आणि घरी राहणाऱ्याच्या नावावर त्या वर्षांतही शिल्लक पडत राहावी.

७. निवृत्तीची शिल्लक

ती कशी, ते पाहू. एकत्र करविवरण भरणाऱ्या जोडप्यात एकच कमावत असला, तरी न कमावणाऱ्याच्या नावे वेगळे आयआरए उघडता येते. याला स्पाउझल आयआरए म्हणतात. २०२६ साठी मर्यादा ७,५०० डॉलर आहे. खाते तिच्या एकटीच्या नावावर असते. आमच्या ओळखीच्या किती घरांत ते उघडले आहे म्हणून पाहिले, तर बोटावर मोजण्याइतकी!

सोशल सिक्युरिटीचे स्वतःचे निवृत्तिवेतन मिळायला ४० क्रेडिट, म्हणजे किमान दहा वर्षांचे काम लागते. २०२६ मध्ये १,८९० डॉलर कमाईला एक क्रेडिट मिळते, वर्षात जास्तीत जास्त चार. भारत आणि अमेरिका यांच्यात याबाबत करार नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईतली नोकरीची वर्षे यात धरली जात नाहीत. नवऱ्याच्या नोंदीवर पत्नीला पूर्ण निवृत्तिवयात त्याच्या मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत मिळू शकते. घटस्फोट झाला तर त्यासाठी लग्न किमान दहा वर्षे टिकलेले असावे लागते.

नवऱ्याच्या ४०१-के वर १९८४ च्या कायद्याने सहसा पत्नीचाच वारसहक्क असतो. दुसरे नाव घालायचे तर तिची लेखी संमती लागते. आयआरए आणि आयुर्विम्याला मात्र केंद्राच्या कायद्याचे असे संरक्षण नाही. लग्नाआधी घेतलेल्या पॉलिसीवर अजून आईचे नाव आहे का, ते आज रात्री दोघांनी बसून पाहावे.

८. देशातले पैसे आणि हक्कसोड

तिचे देशातले साधे बचत खाते अनिवासी झाल्यावर एनआरओ करावे लागते. आणि इथल्या करासाठी रहिवासी ठरल्यावर, देशातल्या सगळ्या खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी एफबार भरावा लागतो. आईवडिलांच्या खात्यावर तिचे संयुक्त नाव असेल तर तेही धरावे लागते. हे आपल्याकडच्या मुली हमखास विसरतात.

आता नाजूक विषय. माहेरी वडील गेले की भावाचा फोन येतो, "ताई, हक्कसोडपत्राचा कागद पाठवतोय, सही करून दे." महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात बदल करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा जन्मतः हक्क दिला. २००५ मध्ये वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाहक्काने मिळते. आम्ही भावाशी भांडा असे म्हणत नाही. प्रेमाने सोडायचे असेल तर अवश्य सोडा. पण काय सोडतो आहोत, त्याची किंमत किती, हे वाचून, समजून सोडा. विमानतळावर निघायच्या घाईत सही नको.

९. वेळ सांगून येत नाही

हा भाग लिहिताना जड गेले, पण लिहिलाच पाहिजे. एच-४ हा जोडीदाराच्या एच-१बीला टांगलेला आहे. त्याची नोकरी गेली तर २०१७ पासूनच्या नियमाने दोघांनाही जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. घटस्फोट किंवा मृत्यू झाला तर एच-४ चा आधारच जातो. अशा वेळी जिच्या नावावर स्वतःचे खाते, थोडी शिल्लक, क्रेडिट आणि पदवीचे मूल्यांकन आहे, ती निदान वकिलाची फी आणि दोन महिन्यांचे भाडे भरून विचार करू शकते.

घरात छळ होत असेल तर एच-४ वरच्या पत्नीला आय-७६५व्ही या वेगळ्या फॉर्मवर कामाची परवानगी मागण्याची सोय आहे. न्यू जर्सीतली मानवी ही संस्था १९८५ पासून आणि न्यूयॉर्कची सखी १९८९ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांना मदत करत आहे. मंडळातल्या कोणाला सांगायला संकोच वाटला तर थेट त्यांच्याकडे जावे.

थोडक्यात, या शनिवार-रविवारी करण्यासारखे

- ईएडी, पासपोर्ट आणि आय-९४ यांच्या तारखा एका कागदावर लिहा.
- तिच्या एकट्या नावाचे एक खाते आणि एक कार्ड सुरू करा.
- स्पाउझल आयआरएची चौकशी करा.
- आयआरए, ४०१-के आणि विम्यावरची वारसांची नावे तपासा.
- सगळ्या खात्यांची यादी दोघांनाही माहीत असू द्या.

नियम बदलत असतात, म्हणून प्रत्यक्ष अर्ज करताना इमिग्रेशन वकील आणि कर सल्लागार यांना विचारून घ्यावे. आमची मैत्रीण आता नोकरी करते. मागच्या गणपतीत माईक तिच्याकडे आला तेव्हा तिने स्वतःचे नाव सांगितले, काम सांगितले आणि हसून म्हणाली, "एच-४ वाल्यांनी जेवणाच्या रांगेत मला भेटा." त्या रांगेतल्या प्रश्नांतूनच हा लेख झाला.

चूकभूल द्यावी घ्यावी. भेटूच!